चुकीच्या सशाला कुंकू

सोजरबाईनं करंड्यात बोट बुडवून समोरच्या दुकानातल्या सशाच्या कपाळाला कुंकू लावलं, तेव्हा माझ्या तोंडात चहाचा घोट होता. तो गिळावा की थुंकावा हेच मला कळेना. भर सकाळी, बेल्लमपल्लीच्या बाजारात, शंभर माणसांच्या देखत हे व्हावं, आणि मी, चंपत पेंटर, या गावातल्या निम्म्या पाट्या ज्याच्या हातच्या तो, हॉटेलच्या बाकड्यावर बसून नुसतं पाहत राहावं! कपातला चहा मी तसाच ठेवला. हॉटेलवाला म्हणाला, काय झालं, माशी पडली का. माशी पडली असती तर काढून टाकून प्यायलो असतो, बाबा.

म्हातारीचा काय दोष? ती बेज्जूरकडची, कापूसवाल्या घरची. कागजनगरहून पॅसेंजर पकडून लेकी-सुनांचा घोळका घेऊन उतरलेली. नातीचं लग्न, बस्ता बांधायचा. तिच्या घरचा बस्ता बांधायचा म्हणजे वामनरावांच्याच दुकानात, तिच्या आईचा तिथंच बांधला, तिचा तिथंच, लेकींचाही तिथंच. लुगडी, धोतरं, खण, मानपानाचं पातळ, सगळं एका ठिकाणी घ्यायचं, गाठोडं बांधायचं, आणि गाठ मारायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईनं दाराशेजारच्या पत्र्यावर रंगवलेल्या सशाला कुंकू लावायचं. त्या बायांना वामनरावांचं आडनावसुद्धा ठाऊक नाही. पाटीवर तेलुगू आहे की मराठी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सशाचं दुकान, बस. आता ती आधी वामनरावांच्याच ओट्यासमोर उभी राहिली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. दाराशेजारच्या काळ्या पत्र्याकडं तिनं पाहिलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं, मग सुनेला काहीतरी विचारलं. सून बिचारी नवीन. तिनं मान फिरवली आणि रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. तिकडं पांढराशुभ्र ससा उभा होता, प्लायवूडचा, माणसाच्या छातीएवढा, पंजात गाजर घेतलेला. गाजर! आमच्या रानातला ससा हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातो हे त्या दुकानदाराला कुणी सांगायचं? तो कुठून तरी लांबून आलेला, पैसेवाला. आल्या आल्या त्यानं आरसे लावले, आत ट्यूब पेटणारा प्लास्टिकचा बोर्ड लावला, आणि महिनाभर ओट्यावर खुर्ची टाकून वामनरावांकडं येणारी गिऱ्हाइकं न्याहाळत बसला. मग एक दिवस माझ्याकडं आला. म्हणाला, एक ससा पाहिजे. मी ब्रश पुसत विचारलं, कशाला? तो नुसता हसला. मी म्हटलं, या गावात ससा एकच आहे, दुसरा माझ्या हातून व्हायचा नाही. तो शांतपणे निघून गेला आणि दुसरीकडून कापून घेऊन आला. शेजारी कुंकवाचा करंडाही ठेवला हरामखोरानं. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं, आणि ज्याला कळायला पाहिजे तो गादीवर बसून मांजरपाट मोजत होता.

मी वामनरावांच्या ओट्यावर चढलो तेव्हा ते खरंच मांजरपाट मोजत होते. मी म्हटलं, वामनराव, सोजरबाई समोर बसली. बस्ता बांधून राह्यली. त्यांनी मान वर केली, समोर पाहिलं, आणि परत गज कापडाला लावला. मला वाटलं निदान हाक तरी मारतील. पण आमच्या बाजारात दुसऱ्याचा उंबरा चढलेलं गिऱ्हाईक कुणी हाक मारून बोलवत नाही, मेला तरी नाही, आणि वामनराव तर असले रिवाज पाळण्यात सगळ्यांच्या पुढं. समोरचं दुकान उघडल्यापासून त्यांच्या घरातल्या माणसानं तो फुटपाथ चढायचा नाही असंही त्यांनी ठरवून टाकलेलं. फुटपाथ न चढल्यानं काय होणार होतं देव जाणे. एवढं झालं, की स्वतःचं दुकान समोरून कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. घर मागं, ते मागच्या दारानं दुकानात येतात, मागच्या दारानं जेवायला जातात. गिऱ्हाइकाला काय दिसतं? दाराशेजारी एक काळा पत्रा. शेगडीवरचं झाकण काढून टांगावं तसा.

किती वेळा सांगितलं असेल मी! पुठ्ठ्यावर नमुना काढून नेला, वर तेलुगू, खाली मराठी, कडेला ससा. म्हटलं, वामनराव, गाव बदललं, कोळसाखाणीच्या क्वार्टरमधल्या पोरी आता शाळेत शिकतात, त्यांना नाव वाचता येतं, नाव ठळक करू. आणि खेड्यातल्या बाया वाचत नाहीत, त्यांच्यासाठी ससा नवा करू. दोघींची सोय. ते नमुना हातात घेऊन म्हणाले, पाहू. उन्हाळ्यात गेलो तर लगीनसराई आहे, आता दुकानाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात गेलो तर रंग वाळत नाही म्हणाले. म्हणजे माझंच काम मला शिकवलं. भादव्यात पितरं. दसऱ्याला पूजा, तेव्हा तर पाटीला धक्का नको. दिवाळीला म्हणाले होळीनंतर. होळीला म्हणाले अरे, लगीनसराई आली की. मी नमुना काखेत मारून घरी येई आणि बायकोवर चिडे. ती म्हणे, त्याच्या दुकानाचा बोर्ड आहे, तुमच्या बापाचं काय जाते? माझ्या बापाचं काही जात नव्हतं. माझं जात होतं, पण ते तिला सांगायचं कसं?

मी या गावात उतरलो तो खाणीत नोकरी मिळेल म्हणून. सरहद्दीवरचं आमचं गाव, काळी जमीन, ज्वारी आणि कापूस, भाऊ बरेच. स्टेशनाबाहेर आलो आणि मला पहिली गोष्ट कळली ती ही, की या गावात पांढरं असं काही टिकत नाही. क्वार्टरांच्या भिंती, वाळत घातलेली धोतरं, देवळाचा कळस, कावळा वर बसला तर ओळखू येऊ नये अशी सगळ्यावर कोळशाची बारीक भुकटी. मी खाणीच्या फाटकाशी गर्दीत उभा राहिलो, माझा नंबर लागला नाही, संध्याकाळी बाजारात भटकत आलो, पोटात काही नाही, खिशात परतीच्या तिकिटापुरतं. आणि तिथं दाराशेजारी तो ससा. पांढरा. इतका पांढरा, की त्या सगळ्या काळ्या गावात कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी तेवढी जागा पुसून ठेवली आहे असं मला वाटलं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. तेव्हा वामनरावांचे वडील गादीवर होते. त्यांनी विचारलं, काय पाह्यतं रे? मी विचारलं, हे कोणी काढलं? ते म्हणाले, हैद्राबादचा एक पेंटर आला होता, गेला. त्या रात्री मी परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लॉऱ्यांचे नंबर रंगवणाऱ्या माणसाकडं जाऊन ब्रश धुवायला बसलो. खाणीत गेलो असतो तर आज पेन्शन असती. पेन्शन नाही, हात थरथरतो, छातीत टर्पेंटाइनचा वास भरलेला, आणि ज्या सशापायी हे सगळं केलं तो माझ्या डोळ्यांसमोर काळा होत गेला. मला राग येणार नाही तर काय येईल?

आणि काळा कशानं झाला? कोळसा तर सगळ्याच पाट्यांवर बसतो, फडकं मारलं की जातो. या पाटीवर तो चिकटून बसला, कारण तिला तेल होतं. तीळतेल. बयनाबाई, वामनरावांची बायको, नवी नवरी होऊन आली त्या साली सासूनं तिला सांगितलं होतं, उन्हानं सशाच्या अंगाला भेगा पडतात, तेलाचा हात फिरवत जा. सासू गेली, हिचा हात काही थांबला नाही. दसऱ्याला तेल, दिवाळीला तेल, मनात आलं की कधीही तेल, वर कुंकू, पुन्हा तेल. देवाच्या मूर्तीला लावावं त्या भक्तीनं. एनॅमलवर तेल, तेलावर कोळसा, कोळशावर कुंकू, त्यावर पुन्हा तेल. ओल्या गुळावर धूळ बसावी तसं ते बसत गेलं. आधी सशाचे पाय गेले, मग पोट, मग कान. बयनाबाईला ते दिसलं नाही. ज्या गोष्टीवर रोज हात फिरतो ती डोळ्यांना दिसत नाही, असंच असावं. पण पुरुषानं सांगू नये?

हे सगळं मी त्या दिवशी ओरडून बोललो. मनात ठेवायचं वय माझं राहिलं नव्हतं. समोर सोजरबाईच्या सुना लुगडी उलगडून पाहत होत्या, आरशात स्वतःला लावून पाहत होत्या, आणि इकडं हा माणूस मांजरपाटाची घडी घालत होता. मी म्हटलं, ह्या तेलानं ससा खाल्ला, वामनराव. दुसऱ्या कोणाच्या दुकानानं नाही खाल्ला, तुमच्या घरच्या तेलानं खाल्ला. हे तुम्हाला दिसत नाही काय? आज सोजरबाई गेली, उद्या तिची नात तिच्या लेकीला समोरच्या दुकानात आणील आणि सांगेल, हेच आपलं सशाचं दुकान. मग तुम्ही कोण?

वामनरावांनी घडी खाली ठेवली. मागच्या पडद्याकडं पाहिलं आणि इतक्या हळू बोलले, की मला वाकावं लागलं.

"मले दिसत नाई काय, चंपत? मी आंधळा हाओ काय? तू पत्रा घासायले बसला का समदं काळं निघन. ती पुसन, हे कायचं काळं? काय सांगू मी तिले? तुयाच हातानं ससा मेला, मनून सांगू?"

म्हणजे इतकी वर्षं पितरं, होळी, लगीनसराई, सगळी थाप. धंदा बुडत चाललेला पाहत हा माणूस गादीवर बसून राहिला, बायकोला एक वाक्य सांगायला नको म्हणून. मला त्याची दया यायला पाहिजे होती. आली नाही. उलट आणखी संताप आला. असल्या चांगुलपणाला काय चाटायचं? आणि मला मूर्खासारखं नमुने घेऊन येरझारा घालायला लावल्या! मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागचा पडदा हलला. माझा आवाज काही लहान नाही. लॉरीवाल्यांत वाढलेला आवाज तो, परसातल्या चुलीपर्यंत सहज जातो.

बयनाबाई बाहेर आल्या. हातात घासलेटाची बाटली आणि फाटक्या लुगड्याची चिंधी. आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दारातून बाहेर ओट्यावर गेल्या, पाटीसमोर उभ्या राहिल्या, चिंधीवर घासलेट ओतलं आणि घासायला लागल्या. भांडं घासावं तसं, खांद्यातून जोर लावून. काळा ओघळ पत्र्यावरून खाली आला, त्यात लाल मिसळलेलं. मनगटावरून कोपरापर्यंत आला. वामनराव म्हणाले, राहू दे ना. त्या थांबल्या नाहीत. मी आपला मूर्खासारखा वाट पाहत होतो, आता कान निघेल, आता डोळा निघेल. कुठून निघणार? तेलाखाली रंग कधीच सुटलेला. काळ्याबरोबर पांढऱ्याचे पापुद्रे निघाले, चिंधीला चिकटले, आणि खाली गंजका पत्रा उरला. बयनाबाईंनी चिंधी उलटी करून पाहिली. मग ती ओट्याच्या कडेला नीट ठेवली आणि हात पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

वामनराव बाहेर आले. किती दिवसांनी ते पुढच्या दारानं बाहेर आले असतील? म्हणाले, काढ चंपत. जसा होता तसाच काढ.

घ्या! इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते असं मिळालं. खिशात खडू नेहमी असतोच. मी पत्रा कोरडा केला, खडू टेकवला, आणि हात थांबला. ससा कोणत्या बाजूला तोंड करून होता? मी डोळे मिटले. स्टेशनाबाहेरची ती संध्याकाळ आठवली, भूक आठवली, पांढरा रंग आठवला, वामनरावांच्या वडिलांची खाकर आठवली. ससा आठवेना. ज्याच्यावरून मी आयुष्य ओवाळून टाकलं त्याचं तोंड मला आठवेना! मी वामनरावांना विचारलं. ते लगेच म्हणाले, दाराकडं, गिऱ्हाईक आत यावं मनून दाराकडं. बयनाबाई म्हणाल्या, नाही, रस्त्याकडं, मी त्याच्या गालाले तेल लावो तं रस्त्याकडून लावो. दाराकडं. रस्त्याकडं. दोघं हळू आवाजात भांडले. शेवटी बयनाबाई म्हणाल्या, सोजरबाईले मालूम असन. आणि वामनराव काही बोलायच्या आत त्या ओटा उतरल्या, रस्ता ओलांडला आणि समोरचा फुटपाथ चढल्या. मी खडू हातात धरून मागं धावलो.

आत थंडगार पंखा, उदबत्तीचा वास. सोजरबाई बस्त्यासमोर पाय पसरून बसलेली. गाठ पडली होती. गाठीवर हळदकुंकू होतं, आणि एकदा बांधलेला बस्ता लग्नघरीच सुटतो, वाटेत सोडला तर नवरीचा संसार सुटतो असं आमच्याकडं मानतात. गल्ल्यावर तो दुकानदार बसलेला. बयनाबाईंना पाहून म्हातारीचा चेहरा फुलला. म्हणाली, आली व बयना! मी मघापासून पुसून राह्यली, घरचं कोणीच कसं नाही. वामनराव कुठी गेले पुसलं तर हा गल्ल्यावरचा नोकर म्हणते जेवायले गेले. दुकान कितीक मोठं केलं तुमी, सरकवलं बी इकडं, मले तर सापडतच नोतं.

मी गल्ल्याकडं पाहिलं. तो बोटातली अंगठी फिरवत होता. माझ्या तोंडात जे जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी एक पाऊल पुढं टाकलं. बयनाबाईंनी माझ्याकडं न पाहता हात मागं केला आणि मला अडवलं. त्यांच्या काळ्या पंजाचा छाप माझ्या सदऱ्यावर उमटला. म्हणाल्या, हो ना, जेवायलेच गेले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, सोजरबाई, आपला जुना ससा कोन्हीकडं पाहे व?

म्हातारीनं क्षणाचाही विचार केला नाही. बसल्या जागी अंग दाराकडं केलं आणि मान वळवून खांद्यावरून मागं पाहिलं. सुरकुतलेली मान, पण अशी वळवली, की मला ससा दिसला. सगळा दिसला. अंग दाराकडं, तोंड रस्त्याकडं.

"असा. मागं पाह्ये. माही माय सांगे, कोनी मागं रायलं का मनून पाह्यते तो." मग तिची नजर दारातल्या प्लायवूडवर गेली आणि तिथंच राहिली. "मंग ह्यो काऊन समोर पाहून राह्यला?"

नातीच्या लग्नाचा बस्ता, बांधलेला, आणि कुंकू चुकलेलं. सांगितलं तर म्हातारी मरेपर्यंत मनाला लावून घेणार. पण खरं ते खरं! सांगा तिला, बयनाबाई, सांगा, मी मनातल्या मनात ओरडत होतो. हा चोर गल्ल्यावर बसलाय, सांगा. तुमचं गिऱ्हाईक यानं तुमच्याच नावावर पळवलं आणि तुम्ही गप्प?

बयनाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नवा काढला व," त्या म्हणाल्या. "जुन्याची मान दुखे."

सोजरबाई खदखदा हसली. सुनाही हसल्या. बयनाबाई हसल्या. मी हसलो नाही. गल्ल्यावरचाही हसला नाही. त्याची अंगठी थांबली होती, एवढं मी पाहिलं. बयनाबाईंनी नवरीसाठी म्हणून पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा काढून म्हातारीच्या हातावर ठेवला, चूल पेटलेली आहे, जाते, म्हणाल्या आणि निघाल्या.

रस्त्यात मी त्यांना म्हटलं, हे काय केलं? घरात एक थाप होती ती पुरे नव्हती काय? नवऱ्यानं तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही तिला सांगत नाही. या दुकानात खरं बोलायचं कुणी, मी? त्या म्हणाल्या, त्याईनं मले सांगतलं नाई ते चांगलंच केलं, मी इतके वर्स खुशीनं हात फिरवला. मला आणखी राग आला. दुकानाशी आल्यावर त्यांनी वामनरावांना हलकेच दंडाला धरलं आणि म्हणाल्या, तुमी आत बसा, सोजरबाई जाईपर्यंत. तुमाले पाह्यलं तर ती समजन. आणि तो माणूस निमूट आत गेला हो. बापाच्या गादीवरून उठून, स्वतःच्या दुकानात, चोरासारखा पडद्यामागं जाऊन बसला. बयनाबाईही त्याच्या शेजारी बसल्या. पडद्याखालून चार पाय दिसत होते.

मी पत्र्यासमोर एकटा राहिलो. खडू टेकवला. अंग दाराकडं, मान मागं. एका ओढीत पाठ आली, मग कान, मग तो वळलेला खांदा. डोळ्याचा गोल काढत होतो तेवढ्यात मागं रिक्षाची घंटी वाजली. बस्ता मांडीवर घेऊन सोजरबाई चालली होती, स्टेशनाकडं. गर्दीत रिक्षा माझ्या पाठीशीच अडकली. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पत्र्याकडं पाहिलं, आणि भर रस्त्यात मला झापलं.

"काऊन रे पेंटर, त्याईच्याच दुकानाचा ससा चोरून काढून राह्यला? तुले सोताचं काई सुचत नाई?"

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी वळलो. तिच्या मांडीवर ते गाठोडं, त्याच्या गाठीवर ओलं हळदकुंकू, आणि पडद्याखाली ते पाय, अजिबात न हलणारे.

"नाई सुचत, मावशी," मी म्हटलं.